प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : जनरल रादको दिमित्रीएव

मागच्या अंकातल्या बाल्कन युद्धांवरच्या टिपणात बल्गेरियाचे सेनापती रादको दिमित्रीएव यांच्यावर आम्ही दोनच वाक्ये लिहिली होती. 1912 मध्ये त्यांनी तुर्की सैन्याला इस्तंबूलच्या वेशीपर्यंत रेटले, आणि सहा वर्षांनी रशियात त्यांची हत्या झाली. या दोन वाक्यांच्या मधे काय घडले, असे विचारणारी पत्रे मराठवाड्यातल्या जवळपास सगळ्या जिल्ह्यांतून आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्न घेतले आहेत.

महोदय, 1886 मध्ये आपल्याच राजाला गादीवरून खाली खेचणारा अधिकारी 1904 मध्ये त्याच सैन्याच्या जनरल स्टाफचा प्रमुख होतो, हे वर्गात सांगितले की मुले हसतात. हे घडले तरी कसे?
– इतिहासाचे शिक्षक, उदगीर

सर, मुलांना आधी 1878 ची घडी समजावून द्या. बर्लिनच्या तहाने बल्गेरियाला स्वायत्त संस्थान केले, पण वरची सत्ता सुलतानाचीच राहिली. सैन्य उभे केले रशियाने. युद्धमंत्री रशियन आणि कॅप्टनच्या वरचे जवळजवळ सगळे अधिकारीही रशियनच. दिमित्रीएव यांचा जन्म 1859 चा, कोतेलजवळच्या ग्रादेत्स गावचा. सोफियाच्या लष्करी शाळेतून ते 1879 मध्ये बाहेर पडले आणि सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाएव अकादमीतला अभ्यासक्रम त्यांनी 1884 मध्ये पुरा केला. त्या पिढीच्या अधिकाऱ्यांना रशिया मुक्तिदाता वाटे, आणि गुरुगृहही.

1885 मध्ये बल्गेरियाने रशियाला न विचारता पूर्व रुमेलिया हा शेजारचा तुर्की प्रांत आपल्यात सामील करून घेतला. झार तिसरा अलेक्झांडर चिडला आणि त्याने आपले सगळे अधिकारी एका फटक्यात परत बोलावले. त्याच नोव्हेंबरात सर्बियाने हल्ला केला. बल्गेरियन पलटणींवर तेव्हा बहुतेक तिशीच्या आतले कॅप्टन होते, म्हणून त्या युद्धाला ‘कॅप्टनांचे युद्ध’ हेच नाव पडले. दिमित्रीएव त्यांच्यातलेच एक. युद्ध जिंकले, पण रशियाशी बिघडले ते बिघडलेच. राजा अलेक्झांडर बॅटनबर्ग गेल्याशिवाय रशिया शांत होणार नाही, असे काही अधिकाऱ्यांच्या डोक्याने घेतले. मेजर ग्रुएव, कॅप्टन बेंदेरेव आणि दिमित्रीएव हे त्या कटातले ठळक चेहरे.

कट सोपा होता. सर्बियाच्या सीमेवर धोका आहे असे सांगून राजाशी निष्ठावान पलटणी राजधानीबाहेर धाडल्या, स्त्रुमा रेजिमेंट आणि लष्करी शाळेचे कॅडेट घेऊन रात्री राजवाडा वेढला, राजीनाम्यावर सही घेतली आणि राजाला डॅन्यूबमार्गे रशियन हद्दीत नेऊन सोडले. फसले ते पुढचे. कटवाल्यांच्या हातात फक्त सोफिया होती. प्लोव्दिवच्या छावणीचे मन त्यांनी अजमावलेच नव्हते. राजाच्या बाजूचे नेते स्तांबोलोव यांनी तर्नोवोहून आणि तिथले लष्करी अधिकारी मुत्कुरोव यांनी प्लोव्दिवहून उलटा उठाव केला आणि थोड्याच दिवसांत राजा परत आला. झारचा पाठिंबा नाही हे कळल्यावर मात्र त्याने स्वतःच गादी सोडली. म्हणजे कट फसला आणि हेतू साधला. कटवाले अधिकारी रोमानियात पळाले. 1887 मध्ये सिलिस्त्रा आणि रूसे इथे आणखी एक उठाव झाला, तो चिरडला गेला आणि त्यातल्या अधिकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. दिमित्रीएव रशियन सैन्यात शिरले आणि कॉकेशसमध्ये दहा वर्षे राहिले.

परतीची वाट राजकारणाने मोकळी केली. 1894 मध्ये पंतप्रधान झालेल्या स्तांबोलोवांची सत्ता गेली आणि पुढच्या वर्षी त्यांचा खून झाला. नवा राजा फर्डिनांड याने थोरल्या मुलाला ऑर्थोडॉक्स पंथाची दीक्षा दिली, तेव्हा 1896 मध्ये रशियाने त्याला मान्यता दिली. परागंदा अधिकाऱ्यांना परत घेणे हा त्या समेटाचाच भाग होता. दिमित्रीएव 1898 मध्ये परतले. जनरल स्टाफचे, म्हणजे युद्धाच्या आखणीचे, काम शास्त्रशुद्ध शिकलेली माणसे सैन्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यामुळे 1904 ते 1907 ते त्या स्टाफचे प्रमुख झाले. मुलांनी हसायचेच असेल तर फर्डिनांडला हसावे. ज्याने एक राजा घालवला त्याच्याच हाती त्याने स्वतःचे सैन्य दिले.

स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात 1886 चा उठाव 9 ऑगस्टला आहे, दुसऱ्यात 21 ऑगस्टला. बाल्कन युद्धाचंही तसंच, 5 ऑक्टोबर की 18 ऑक्टोबर? नक्की कोणती तारीख धरू?
– एक वाचक, नांदेड

ताई, दोन्ही बरोबर. बल्गेरियात तेव्हा जुने ज्युलियन कॅलेंडर चाले. एकोणिसाव्या शतकातली तारीख असेल तर 12 दिवस मिळवायचे, 1 मार्च 1900 (जुनी) नंतरची असेल तर 13. म्हणून 9 + 12 = 21 ऑगस्ट 1886, आणि 5 + 13 = 18 ऑक्टोबर 1912. बल्गेरियाने एप्रिल 1916 मध्ये नवे कॅलेंडर घेतले, रशियाने फेब्रुवारी 1918 मध्ये. त्यामुळे या दोन वर्षांच्या मधल्या काळात बल्गेरियन कागदावरची तारीख नवी आणि रशियन कागदावरची जुनी असते, आणि दिमित्रीएव यांची त्या काळातली कागदपत्रे रशियन. चूक इथेच होते. तुमच्या घरी निजामकाळचे फसली सनाचे उतारे असतील तर 590 मिळवून इसवी सन काढण्याची सवय असेलच. इथे फक्त आकडा शतकाप्रमाणे बदलतो एवढे ध्यानात ठेवा. उत्तरपत्रिकेत नवी तारीख लिहा. खाली आम्ही सगळीकडे नवीच दिली आहे.

मी फौजेतून रिटायर. आमच्यात म्हणायचे, रसद तुटली की जनरल कितीबी हुशार असू दे, काय उपयोग नाही. तुम्ही लिहिलं, या माणसानं तुर्कांना पंधरवड्यात मागं सारलं. एवढ्या झपाट्यानं कसं काय? आणि इस्तंबूल का नाही घेतलं मग?
– माजी सैनिक, आष्टी, जि. बीड

भाऊ, तुमच्या पहिल्या वाक्यातच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. पण क्रमाने घेऊ.

सुमारे 43 लाखांच्या देशाने जवळपास 6 लाख माणूस उभा केला. तीन आर्मी होत्या. दुसरीने एदिर्ने, म्हणजे अ‍ॅड्रियानोपल, वेढायचे. पहिलीने मधून जायचे. दिमित्रीएव यांची तिसरी, सुमारे 95 हजारांची, डाव्या टोकाला घोडदळाच्या पडद्यामागे लपवलेली. ही मेख आराखडा करणाऱ्या जनरल फिचेव यांची. पुढचा स्त्रांजाचा डोंगराळ भाग मोठ्या सैन्याला ओलांडता येणार नाही असे तुर्क धरून चालले होते. दिमित्रीएव यांनी तोफा त्याच वाटेने ओढून नेल्या. 22 ऑक्टोबरला लोझेनग्राद या किल्ल्याच्या शहराच्या उत्तरेला दोन्ही सैन्ये चालता चालता एकमेकांवर आदळली. 23 ला धो धो पाऊस, रात्री संगिनींचे हल्ले. अंधारात तुर्की पलटणींत घबराट पसरली, माणसे तोफा टाकून पळाली. 24 ला सकाळी दिमित्रीएव किल्ल्यावर हल्ल्याची तयारी करत होते, तर गस्तीवाल्यांनी बातमी आणली की शहर रिकामे आहे.

इथे पहिली चूक झाली. पाठलाग झाला नाही. माणसे थकलेली, रस्त्यांचा चिखल झालेला, आणि घोडदळ योग्य ठिकाणी नव्हते. शत्रू कुठे गेला हेच कळेना. तेवढ्या अवधीत तुर्कांनी लुलेबुर्गाझ ते पिनारहिसार अशी ओढ्यामागची नवी फळी धरली. 28 ऑक्टोबरला दिमित्रीएव तिच्यावर गेले ते समोर फक्त पिछाडीचे सैन्य आहे असे समजून. पहिल्या आर्मीची वाट त्यांनी पाहिली नाही. प्रत्यक्षात समोर लाखावर सैन्य निघाले. त्यांची डावी बाजू मोडायच्या बेतात आली, उजवीकडे मात्र लुलेबुर्गाझ हाती आले आणि पहिल्या आर्मीची डिव्हिजन येऊन मिळाली. 2 नोव्हेंबरला तुर्क हटले. बल्गेरियाचे सुमारे 20 हजार जण मेले किंवा जखमी झाले. 1871 ते 1914 या काळात युरोपच्या भूमीवर याहून मोठी लढाई झाली नाही. जिंकली म्हणून धडाडी म्हणायचे. हरले असते तर याच निर्णयाला उतावीळपणा म्हटले असते.

आता रसद. सोफियाहून इस्तंबूलकडे जाणारी रेल्वे एदिर्नेतून जाते, आणि एदिर्ने मार्च 1913 पर्यंत तुर्कांच्याच ताब्यात होते. म्हणजे पुढे इंजिन, डबे सापडले तरी मागून सामान आणायचे कसे? बैलगाडीनेच. पावसाळी थ्रेसमध्ये, म्हणजे इस्तंबूलच्या पश्चिमेच्या या मुलखात, भरल्या गाडीची गत काळ्या रानातल्या गाडीसारखी होते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. तोफगोळे, पाव आणि औषधे या उतरत्या क्रमाने पुढे पोचत राहिली. शेवटचा नंबर औषधांचा, आणि त्याचा परिणाम पुढच्या उत्तरात आहे.

चाताल्जाच्या हल्ल्याचा निर्णय नेमका कोणाचा? आणि तो का फसला, हे मुद्देसूद सांगता येईल का?
– पदव्युत्तर विद्यार्थी, लातूर

चाताल्जा म्हणजे इस्तंबूलच्या पश्चिमेची तुर्कांची शेवटची तटबंदी. तिच्यावरच्या हल्ल्याच्या निर्णयाची जबाबदारी तिघांवर येते. तुर्कस्तानने 12 नोव्हेंबरला युद्धविरामाची विनंती केली होती. राजा फर्डिनांडला इस्तंबूलमध्ये मिरवणुकीने जायचे होते, त्याने ती बाजूला ठेवली. सावोव हे प्रत्यक्षातले सरसेनापती, त्यांनी दिमित्रीएव यांचे मत विचारले. तेव्हा पहिली आणि तिसरी अशा दोन्ही आर्मी दिमित्रीएव यांच्या हाताखाली होत्या, आणि त्यांनी हल्ल्याच्या बाजूने कौल दिला. फिचेव यांचा विरोध होता. राजाने नाही म्हटले असते तर दिमित्रीएव यांनी स्वतःहून हल्ला केला नसता हे खरे, पण तिथला सेनापती नको म्हणाला असता तर राजालाही ते पेलले नसते. म्हणून आम्ही निम्मा दोष त्यांच्या पदरात टाकतो.

फसण्याची कारणे जमिनीपासून सुरू होतात. काळा समुद्र आणि मार्मारा यांच्या मधली ही चिंचोळी पट्टी, दोन्ही टोकांना सरोवरे आणि खाड्या. बाजूने वळसा घालायला जागाच नाही, समोरूनच जायचे. तुर्क टेकड्यांच्या रांगेवर, बल्गेरियन खालच्या कारासू ओढ्याच्या खोऱ्यात. टेकड्यांवर 1877-78 च्या रशिया-तुर्की युद्धापासूनची तटबंदी, मधे नवे खंदक. असे ठाणे फोडायला जड तोफा लागतात, आणि त्या एदिर्नेच्या वेढ्यात अडकलेल्या. मैदानी तोफेचा 75 मिलिमीटरचा गोळा उघड्यावरच्या पायदळाला भारी, मातीच्या बुरुजाला नाही. शिवाय समुद्रातून तुर्की युद्धनौकांचा मारा.

त्यात पटकी. अनातोलियातून आलेल्या तुर्की कुमकेबरोबर ती आघाडीवर पोचली. माघार घेणारे तुर्क ज्या विहिरींवर पाणी प्यायले त्याच विहिरींवर बल्गेरियन सैनिक पुढे आले. पाणी उकळायला सरपण नाही, मोरी-संडासाची शिस्त नाही, चुना नाही. पलटणीच्या पलटणी हगवणीने आडव्या झाल्या. हल्ला सुरू होण्याआधीच हजारो जण आजारी होते.

17 नोव्हेंबरला पहाटे तोफा सुरू झाल्या, मग पायदळ. दिवसभर खोऱ्यात अडकून पडले. रात्री धुक्याचा फायदा घेऊन काही तुकड्या एका पुढच्या बुरुजात घुसल्या, पण शेजारच्या तुकड्या वेळेवर आल्या नाहीत आणि उजाडताच तुर्कांनी तो परत घेतला. 18 ला हल्ला थांबवला. सुमारे 12 हजारांची हानी. 3 डिसेंबरला युद्धविराम झाला, म्हणजे जो तह बोलणीतून मिळत होता तोच तीन आठवड्यांनी, एवढी माणसे घालवून. लोझेनग्रादला घाबरून पळालेले सैन्य खंदकात बसले की पळत नाही, हे दिमित्रीएव यांनी हिशेबात घेतले नव्हते.

आमच्याकडच्या जुन्या उर्दू कात्रणांत बाल्कन युद्धासाठीच्या वर्गणीचे उल्लेख आहेत. या युद्धाशी आपला काय संबंध?
– जुन्या कागदपत्रांचे संग्राहक, छत्रपती संभाजीनगर

मोठा संबंध. खलिफाच्या राज्यावर आलेले संकट म्हणून हिंदुस्थानातल्या मुसलमानांत खळबळ होती. मौलाना आझाद यांचे ‘अल-हिलाल’ जुलै 1912 मध्येच निघू लागले होते आणि युद्धाच्या बातम्यांना त्यात भरपूर जागा असे. वर्गणीतून डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे वैद्यकीय पथक डिसेंबर 1912 मध्ये मुंबईहून निघाले आणि तुर्की जखमींवर उपचार करून 1913 च्या जुलैत परतले. हेच अन्सारी पुढे 1927 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. कात्रणावर दिनांक हिजरी असेल तर 1330 आणि 1331 ही वर्षे बघा.

1915 मध्ये गोर्लित्सेला रशियाचा पराभव झाला तो दिमित्रीएव यांच्या नालायकीमुळे, असे एका व्याख्यानात ऐकले. खरे आहे का?
– एक वाचक, धाराशिव

अर्धवट खरे. आधी ते तिथे कसे पोचले ते सांगतो. 1913 च्या जूनअखेर बल्गेरियाने कालच्या मित्रांवरच, सर्बिया आणि ग्रीसवर, हल्ला केला. डाव उलटताच सावोव यांना काढले आणि त्यांच्या जागी दिमित्रीएव यांना आणले. तोवर हाती काही उरले नव्हते. 10 ऑगस्टचा बुखारेस्टचा तह झाला, आणि त्यांची सेंट पीटर्सबर्गला राजदूत म्हणून रवानगी झाली. 1914 मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा बल्गेरिया तटस्थ होता. दिमित्रीएव यांनी राजदूतपद सोडून रशियन गणवेश चढवला. आधी आठवी कोर, मग सप्टेंबरपासून तिसरी आर्मी.

ऑक्टोबर 1914 च्या सुरुवातीला त्यांनी ऑस्ट्रियाच्या प्शेमिश्ल किल्ल्यावर धडक दिली. पुरेशा जड तोफांशिवाय, समोरून, मोठी हानी सोसून, आणि किल्ला पडला नाही. चाताल्जाचाच पाढा. तो किल्ला पुढे मार्च 1915 मध्ये पडला, पण रशियाच्या अकराव्या आर्मीच्या लांबलेल्या वेढ्याने, उपासमारीमुळे.

गोर्लित्सेची 2 मे 1915 ची गोष्ट मात्र वेगळी. माकेनझेन यांची जर्मन अकरावी आर्मी गुपचूप रेल्वेने आणली गेली होती. रात्रभर अधूनमधून मारा, मग सकाळी सहापासून चार तास सलग भडिमार, मग पायदळ. समोर रशियन बाजूला जड तोफा मोजक्या, आणि गोळ्यांची टंचाई इतकी की तोफांना दिवसाचा शिधा ठरवून दिलेला. हल्ला येतोय याची चाहूल दिमित्रीएव यांना लागली होती, त्यांनी वर कळवलेही होते. आघाडीचे प्रमुख जनरल इवानोव यांचे लक्ष कार्पेथियन खिंडींवर होते, राखीव सैन्य तिकडे. फळी फुटल्यावर सान नदीमागे हटू द्या अशी मागणी दिमित्रीएव यांनी केली, ती वेळेवर मानली गेली नाही. आलेली कुमक एकदम न वापरता तुकड्या-तुकड्यांनी आगीत गेली. दुक्ला खिंडीजवळ 48 वी डिव्हिजन घेरली गेली आणि तिचे प्रमुख कोर्निलोव पकडले गेले. हेच ते 1917 च्या फसलेल्या उठावाचे कोर्निलोव. दोनेक आठवड्यांत लाखावर माणूस कैद झाला.

दिमित्रीएव यांचा स्वतःचा दोष खंदकांत दिसतो. हिवाळाभर हाती असताना पहिल्या रांगेमागे दुसरी, तिसरी रांग धड खणली नाही. जी होती ती उथळ, मागे-पुढे जाणारे जोडखंदक कमी. आता पुढेच जायचे आहे, अशा समजुतीत राहणारा सेनापती पिछाडी खणत नाही. रांगा खोल असत्या तरी जर्मन पुढे आले असते, पण दोन दिवसांत फळी कोसळली नसती. त्यांच्या जागी जनरल लेश यांना नेमले, इवानोव मात्र पदावर राहिले. व्याख्यात्यांना एवढे जरूर विचारा.

ऑक्टोबर 1915 मध्ये बल्गेरिया जर्मनीच्या बाजूने उतरला. मग हा माणूस देशद्रोही की नाही?
– एक वाचक, हिंगोली

पत्रात तुम्ही हो-नाही असे उत्तर मागितले आहे, ते देता येण्यासारखे नाही. रशियन सैन्यात ते शिरले तेव्हा दोन्ही देशांत युद्ध नव्हते. युद्ध जुंपल्यावर त्यांनी रशियन नोकरी सोडली नाही हेही खरे. पण बल्गेरियन सैनिकांवर त्यांना पाठवलेले नाही. 1916 मध्ये रशियन आणि बल्गेरियन फौजा काळ्या समुद्राकाठच्या दोब्रुजात भिडल्या, तेव्हा दिमित्रीएव हजार किलोमीटरहून दूर, रीगाजवळ बाराव्या आर्मीवर होते. आमच्या मते त्यांची निष्ठा 1886 पासून एकाच ठिकाणी होती, रशिया आणि बल्गेरिया एकत्र असावेत या कल्पनेशी. देशांची धोरणे बदलली, ते बदलले नाहीत. हा गुण की हट्ट, ते तुम्ही ठरवा.

रीगाची एक लढाई या संदर्भात वाचण्याजोगी. जानेवारी 1917 मध्ये त्यांनी सवय मोडली. तोफांचा आधी भडिमार न करता, पहाटेच्या अंधारात, कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या दलदलीवरून लाटव्हियन रायफलवाल्यांना पुढे धाडले. त्यांनी काटेरी तारा हातांनी कापल्या आणि जर्मन फळी फोडली. पण मागची कुमक उशिरा आली, आणि एका सायबेरियन रेजिमेंटने पुढे जायलाच नकार दिला. त्याबद्दल सैनिकांना गोळ्या घातल्या गेल्या. दोनच महिन्यांनी झार गेला.

त्यांचा शेवट कसा झाला? आणि ही सगळी ठिकाणे शाळेच्या नकाशात सापडत नाहीत, काय करावे?
– ग्रंथपाल, जालना

फेब्रुवारी क्रांतीनंतर बाराव्या आर्मीत सैनिकांच्या समित्यांचा जोर सगळ्यांत जास्त होता. दिमित्रीएव यांनी समित्यांशी जुळवून घेण्याचा प्रयत्न केला, पण 1917 च्या उन्हाळ्यात ते पदावरून गेले. सप्टेंबरात रीगा पडले तेव्हा ते तिथे नव्हते. प्रकृतीसाठी ते कॉकेशसमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी राहिले. 1918 मध्ये तिथल्या बोल्शेविकांनी जुन्या अधिकाऱ्यांना ओलीस धरले, आणि ऑक्टोबरात प्यातिगोर्स्कला त्यांतल्या अनेकांना ठार केले. त्यांत दिमित्रीएव होते आणि जनरल रुझ्स्कीही. 1914 मध्ये तिसरी आर्मी दिमित्रीएव यांनी ज्यांच्याकडून घेतली ते हेच रुझ्स्की. बल्गेरियाने सप्टेंबर 29 ला शस्त्रे खाली ठेवली होती आणि 3 ऑक्टोबरला फर्डिनांडने गादी सोडली होती.

नकाशासाठी: लोझेनग्राद आणि किर्क किलिसे म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले किर्कलारेली. एदिर्ने, लुलेबुर्गाझ, पिनारहिसार आणि चाताल्जाही तुर्कस्तानातच, इस्तंबूलच्या पश्चिमेला. गोर्लित्से आणि प्शेमिश्ल पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात, दुक्ला खिंड पोलंड-स्लोव्हाकियाच्या सीमेवर, रीगा लाटव्हियात, प्यातिगोर्स्क दक्षिण रशियात. वाचनालयात टांगायला भिंतीवरचा नकाशा घेणार असाल तर दोन घ्या, एक 1912 चा आणि एक आजचा. एकाच नकाशावर दोन्ही काळच्या सीमा छापलेले नकाशे मुलांना जास्तच गोंधळात टाकतात.